हत्तीजवळ सांगायची गोष्ट

उत्तमराव गेल्याची बातमी मला मोबाइलवर मिळाली, तीही आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर, दोन सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचा एक घरगुती उपाय यांच्या मधोमध. ‘वेरूळचे ज्येष्ठ गाइड उत्तमराव यांचे निधन’ एवढंच होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं की ही अफवा असेल. अशी बातमी हाती पडली की आधी मागं जायचं, कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं हे विचारत जायचं, असं स्वतः उत्तमरावांनीच मला पंचवीस वर्षं शिकवलं होतं. तसा मी मागं गेलो. ज्यानं मेसेज टाकला होता त्यानं पडेगावच्या एका किराणा दुकानदाराचं नाव सांगितलं, दुकानदार म्हणाला की त्यांच्या मुलानंच येऊन सांगितलं. मग मिलिंदला, म्हणजे त्यांच्या मुलाला, फोन लावला. “व्हय सर, खरंय,” तो म्हणाला, “सकाळी पाणी आलं तेव्हा.” आमच्या शहरात नळाला पाणी इतक्या दिवसांनी येतं की घरोघरी वेळ अशीच सांगतात. एखादी बातमी खोटी निघावी म्हणून मी आयुष्यात कधी इतक्या आशेनं तपास केला नव्हता, आणि ती तिसऱ्याच फोनला खरी निघाली.

याला आता आठ आठवडे झाले. दर मंगळवारी, अजून, दुपारी चारच्या सुमाराला माझं लक्ष फाटकाकडे जातं. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो उत्तमरावांचा सुटीचा दिवस, आणि चहा आमच्याकडे हे ठरलेलं... पण नुसत्या आठवणींसाठी मी हा लेख लिहायला घेतलेला नाही. उत्तमरावांचे शेवटचे शब्द म्हणून एक वाक्य सध्या सगळीकडे फिरतं आहे. तुम्हीही ते कुणाच्या तरी स्टेटसला वाचलं असेल. ते वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. आणि त्या वाक्यामुळे ज्या एका माणसाला फार दुखलं, त्या म्हणजे उत्तमरावांच्या पत्नी, सुमनवहिनी. ते कसं झालं ते सांगायचं तर आधी हा माणूस कोण होता ते सांगायला हवं.

आमची ओळख भांडणातूनच झाली म्हणायला हरकत नाही. मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि आठवीची सहल दर वर्षी वेरूळला न्यायचो. त्या वर्षी कैलास लेण्यासमोर पोरांना उभं करून मी माझी हुकमी गोष्ट सुरू केली होती. देवगिरीच्या किल्ल्यातून निघणारं भुयार थेट वेरूळला येतं, त्यातून घोडेस्वार मशाली घेऊन दौडत यायचे, वगैरे. दर वर्षी मी त्यात थोडी भर घालायचो. त्या वर्षी एका जखमी सरदाराची भर घातली होती आणि पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. शेजारी पांढरा शर्ट घातलेला, खिशावर गाइडचा बिल्ला लावलेला एक किडकिडीत माणूस शांतपणे उभा होता. माझं संपल्यावर तो जवळ आला आणि अगदी अदबीनं विचारता झाला, “सर, तुम्ही त्या भुयारातून गेला व्हता का?” मी म्हटलं, नाही. “गेलेला कुणी माणूस भेटला?” तोही नाही. “मंग त्यो घोडा हिकडच्या तोंडानं भाईर आल्याला कुणी पाह्यला?” पोरं फिदीफिदी हसली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी काहीतरी खवचट बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “गोष्ट लई चांगली हाय सर. फक्त हितं नका सांगू. हत्तीजवळ सांगा.”

ज्यांनी कैलास लेणं पाहिलंय त्यांना अंगणातले ते दगडी हत्ती आठवतील, सोंड तुटलेले. उत्तमरावांनी त्यातल्या एकाची जागा ऐकीव गोष्टींसाठी ठरवून ठेवली होती. जे स्वतः पाहिलं, मोजलं, जाणत्या माणसांना विचारून पक्कं केलं, ते सगळं ते मंदिराला लागून उभं राहून सांगायचे. जे नुसतं ऐकलेलं, त्यासाठी लोकांना अंगण ओलांडून हत्तीच्या सावलीत न्यायचे. हे लेणं वरून खाली खोदत आणलं, हे मंदिराजवळ. तिथं ते छिन्नीच्या खुणा दाखवायचे. शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीनं नवस केला, म्हणून कारागिरांनी शिखर आधी घडवलं, हे हत्तीजवळ. आणि ती राणीची गोष्ट ते अशी रंगवून सांगायचे की बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खोट्या गोष्टींवर त्यांचा राग नव्हता, हे मला समजायला बराच काळ लागला. त्यांचा राग होता तो जागेची गफलत करण्यावर. उन्हातून अशी ये-जा करायला लावली की पर्यटक वैतागायचे, अर्ध्यात दुसऱ्या गाइडच्या मागं जायचे. बाकीचे गाइड त्यांची टर उडवायचे. मी एकदा म्हटलं, अहो, एका जागी उभं राहून ‘असं म्हणतात’ एवढं जोडलं तरी भागेल की. ते म्हणाले, ऐकणारा ‘म्हणतात’ तेवढं गाळतो आणि बाकीचं घरी नेतो. पाय दुखले की मात्र लक्षात राहतं. शिवाय दोन्ही एकाच जागी सांगत गेलं तर काही वर्षांनी आपल्याला स्वतःलाच कळत नाही, कुठलं पाहिलेलं आणि कुठलं ऐकलेलं.

मग मंगळवारचा चहा सुरू झाला आणि माझी उलटतपासणीही. मी जात्याच तिखटमीठ लावणारा माणूस. साधं रिक्षावाल्याशी झालेलं भांडण सांगतानाही त्यात पोलीस आणायचो. उत्तमराव बशीत चहा ओतता ओतता विचारायचे, “पोलीस खरंच आला व्हता का?” आणि मी जीभ चावायचो. आमच्या घरात ‘हत्तीजवळची’ हा शब्दच होऊन बसला. मी काही सांगायला लागलो की आमची ही आतून विचारायची, ही कुठली, मंदिराजवळची की हत्तीजवळची?

एकदा शहरात मीठ संपणार अशी आवई उठली. मीही धावत जाऊन पाच पुडे आणले, खोटं कशाला सांगू. मंगळवारी उत्तमरावांनी ते स्वयंपाकघरात पाहिले आणि चहा न पिताच मला बरोबर घेऊन निघाले. आमचा दुकानदार म्हणाला, रिक्षावाल्यानं सांगितलं. रिक्षावाला भेटला, तो म्हणाला, बहिणीचा फोन आला सिल्लोडहून, तिकडं दुकानं रिकामी झाली. उत्तमरावांचे मेहुणे सिल्लोडला मक्याच्या व्यापारात, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, व्हय, हिकडं झुंबड उडालीय, पण बातमी तुमच्याकडनंच आलीय, संभाजीनगरातून. उत्तमराव रस्त्यात उभे राहून इतके हसले की दोन माणसं थांबून बघायला लागली. त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसाबरोबर फिरण्यात जी मजा आहे ती माझ्या सगळ्या मशाली आणि घोडेस्वारांत नाही. आजही तसंच वाटतं. फक्त आता फिरायला कुणी नाही...

शेवटच्या वर्षात त्यांना दम लागायला लागला. अंगण ओलांडणं होईना, म्हणून त्यांनी काम सोडलं. जागा न बदलता सांगायचं त्यांना जमलंच नसतं. मग मंगळवारी मी पडेगावला त्यांच्या घरी जायला लागलो. शेवटचा गेलो तो ते जाण्याच्या दोन दिवस आधी. खिडकीशी खाटेवर बसले होते. फार बोलणं झालं नाही. त्यांनी माझ्या नातवाच्या परीक्षेची चौकशी केली, मी त्यांच्या गोळ्यांची. वहिनींनी पोहे दिले. निघताना मी दारापर्यंत पोचलो तर मागून म्हणाले, “दार ओढून घ्या सर, मांजर आत येतंय.” मी दार ओढून घेतलं. ते माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच.

आठव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. विहाराच्या आवारात मंडप, वेरूळहून आलेले गाइड, दुकानदार, गल्लीतले लोक. भन्तेजींचं झालं, मग एकेक जण बोलायला उठला. मग माझं नाव पुकारलं. मी त्यांच्याबद्दल बोललो, भुयाराची फजिती सांगितली, लोक हसले, कुणी डोळे पुसले. मग कुणीतरी समोरून म्हणालं, सर, तुमची शेवटची भेट झाली होती ना, काय म्हणाले? आणि तिथं... एवढ्या माणसांसमोर, त्यांच्या फुलं वाहिलेल्या फोटोसमोर उभं राहून, मांजराचं सांगायला माझी जीभ रेटेना. मला वाटलं, हा एवढा माणूस, याचा शेवट असा कसा सांगायचा? मी म्हणालो, ते मला म्हणाले, ‘सर, दगड कधी खोटं बोलत नाही. आपणही बोलू नये.’ समोरच्या दोघा-तिघांनी मोबाइल काढून ते टिपून घेतलं. मला स्वतःलाच भरून आलं. खोटं बोलू नये हे सांगण्यासाठी मी खोटं बोललो होतो, आणि त्या क्षणी ते मला अजिबात जाणवलं नाही, इतकं ते वाक्य मला आवडलं होतं.

पुढं त्या वाक्याला पाय फुटले. त्या संध्याकाळी ते फोटोसकट मोबाइलवर आलं, चार दिवसांनी चौकात फ्लेक्सवर. देवगाव रंगारीहून माझा जुना विद्यार्थी फोन करून म्हणाला, सर, काय माणूस होता हो, तुम्ही त्यांना ओळखत होता का? मिलिंदनं ते वाक्य सुरेख अक्षरांत लिहून घेतलं आणि चौकट करून वडिलांच्या फोटोखाली लावलं. प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणायचो, आता सांगून टाकू. मग म्हणायचो, जाऊ दे, यात कुणाचं काय बिघडलं?

महिनाभरानं मी वेरूळला गेलो. एकटाच, कारण काही नव्हतं, फक्त त्यांच्या जागा एकदा बघाव्यात असं फार वाटत होतं. कैलासच्या अंगणात रशीदभाई होते, उत्तमरावांबरोबर वीस वर्षं काम केलेले खुलताबादचे गाइड. दहा-बारा पर्यटकांना ते सांगत होते की आमचे उस्ताद शेवटच्या दिवशी घरच्यांचं न ऐकता इथं आले, या खांबाला हात लावला, ‘दगड खोटं बोलत नाही’ म्हणाले आणि इथंच बसल्या बसल्या गेले. एका बाईनं त्या खांबाला हात लावून डोळे मिटले. रशीदभाई हे मंदिराला लागून उभं राहून सांगत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, रशीदभाई, ते घरी गेले, पडेगावला, सकाळी. त्यांना माहीत होतं. मातीला आले होते ते. ते म्हणाले, “मालूम है सर. पण लोकांना लई आवडतंय. और झूठ भी कितना? आधा तो आपनेच बोल्या था ना.” हत्तीजवळ कुणीच नव्हतं. मी तिथं जाऊन बराच वेळ बसलो आणि मनात उत्तमरावांना हाक मारली, खरंच मारली. ते असते तर मला एवढंच विचारलं असतं, सर, मी असं म्हणालो व्हतो का?

तरीही मी गप्पच राहिलो. माणूस आपल्या चांगल्या वाक्याच्या किती प्रेमात असतो याचा मला पत्ता नव्हता. गेल्या आठवड्यात सुमनवहिनींचा फोन आला की येऊन जा. गेलो. त्या एकट्याच होत्या. चहा ठेवला आणि समोर बसल्या. समोरच्या भिंतीवर फोटो, खाली ती चौकट. मग म्हणाल्या, “सर, एक इचारते. राग नका मानू. तुम्हाला एवढं मोठं बोलले ते. मला शेवटी म्हणले, पाणी आलं वाटतं, बघ. तेवढंच. मी बघायला गेले, टाकी भरली, माघारी आले तर...” त्या थांबल्या. “चाळीस वर्सं सोबत व्हते मी. मला कायच कसं नाय म्हणले?”

त्यांनी हे कुणालाही विचारलं नव्हतं. महिनाभर रोज ती चौकट पाहत, रोज तिच्याखाली दिवा लावत त्यांनी हे मनात धरलं होतं, की नवऱ्यानं आपलं शेवटचं शहाणपण मित्राजवळ ठेवलं आणि आपल्यासाठी नळ. कुणाचं काय बिघडलं, असं मी म्हणत होतो ना?

मी सांगून टाकलं. काही न राखता, काही न लावता. ते वाक्य माझं आहे, मंडपात उभ्या उभ्या केलेलं आहे, मला ते मांजराबद्दल बोलले होते. दार ओढून घ्या म्हणाले, वहिनी, तेवढंच. मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हतो. मला वाटलं, आता या उठून आत जातील. त्या उठल्या खऱ्या, पण भिंतीशी गेल्या, चौकट खिळ्यावरून उतरवली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. मिलिंदला मी सांगते, म्हणाल्या. मग पुन्हा समोर येऊन बसल्या.

“मंग तुमच्याजवळ त्यांचं खरं काय हाय,” त्या म्हणाल्या, “ते सांगा.”

मी आठवत बसलो. मोठं असं काहीच आठवेना. पंचवीस वर्षांच्या मंगळवारांत मोठं असं ते काही बोललेच नव्हते. मग एक संध्याकाळ आठवली, ती सांगितली. मी वेरूळला गेलो होतो, आम्ही एकाच बसनं परत येत होतो. दिवसभर त्यांनी एका म्हाताऱ्या परदेशी जोडप्याला लेणी दाखवली होती आणि बसमध्ये खिडकीशी बसून ते एकटेच हसत होते. काय झालं म्हणून मी विचारलं, तर सांगेनात. फारच मागं लागलो तेव्हा म्हणाले, रोजची एक गोष्ट मी घरी सांगायला ठेवतो, आजची ही आहे. तुम्हाला सांगितली तर घरी जाईस्तोवर शिळी होईल. दौलताबादचा घाट उतरेपर्यंत मी त्यांना गळ घालत होतो. शेवटपर्यंत सांगितली नाही.

वहिनी माझ्याकडे एकटक पाहत होत्या. कोणतं वर्ष होतं, त्यांनी विचारलं. मला आठवत नव्हतं, तसं सांगितलं. थंडी होती का? स्वेटर होता त्यांच्या अंगात, मी म्हणालो, करडा. ‘घरी सांगायला’ म्हणाले की ‘तिला सांगायला’ म्हणाले? या प्रश्नाला मी फार वेळ घेतला, कारण त्यांना कोणतं उत्तर हवंय हे मला ठाऊक होतं आणि काय खरं आहे तेही. “घरी,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

“जेवताना सांगायचे,” त्या म्हणाल्या. “रोजच. मी कधी ध्यान दिलं, कधी नाय दिलं.” मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “परत सांगा बरं.”

मी परत सांगितलं. बस, खिडकी, म्हातारं जोडपं, त्यांचं आपलं आपण हसणं. घाटापर्यंत आलो आणि वहिनींचा हात मध्येच थांबला. त्यांनी डोळे मिटले, आणि सात आठवड्यांत मी पहिल्यांदा पाहिलं, त्या हसल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग चांगल्या खुदकन.

“आठवली,” त्या म्हणाल्या. “त्या म्हातारीची गोष्ट. आठवली मला.”

मी पुढं सरसावलो. इतक्या वर्षांनी ती गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून मलाही आता राहवत नव्हतं. काय होती, मी विचारलं.

वहिनींनी डोळे पुसले. फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नाय सांगत, सर,” त्या म्हणाल्या. “ती माझ्यासाठी ठेवल्याली व्हती.”